ऊस: सरी की ठिबक, पाण्याचा हिशोब कसा मांडायचा?

प्रश्न: टनेज दोन्हीकडे सारखंच आलं, तर ठिबकचा फायदा मोजायचा कसा?

उत्तर: एक घनमीटर पाण्यामागे किती किलो ऊस, ते काढा. एकरावर 1 मिमी पाणी म्हणजे सुमारे 4 घनमीटर. सरीने 2200 मिमी देऊन 45 टन आले, तर साधारण 5 किलो. ठिबकने 1300 मिमीत तेवढेच आले, तर साडेआठ.

प्रश्न: दिलेलं पाणी नेमकं मोजायचं कसं?

उत्तर: पाणी मोटारीच्या तासांवर धरू नका, मीटर बसवा. लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या नळीच्या) पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली भांडं ठेवून मोजा. फरक 10 टक्क्यांवर गेला, तर ठिबकची सांगितली जाणारी 90 टक्के कार्यक्षमता कागदावरच राहते.

प्रश्न: ड्रिपर क्षारांनी बुजत असतील तर काय करायचं?

उत्तर: बोअरचं पाणी जड असेल तर नळ्या-ड्रिपरमध्ये क्षार साचतात. पाण्यात आम्ल मिसळून सामू (pH) 4 पर्यंत आणा आणि ते संचातून सोडा, म्हणजेच आम्लप्रक्रिया करा, 24 तास संच बंद ठेवा, मग लॅटरलची टोकं उघडून धुवा. आम्ल नेहमी पाण्यात ओता, उलट कधीच नाही!