एका इंजिनाच्या विमानाला ‘उडती तिरडी’ म्हणणाऱ्यांसाठी

वैनगंगाकाठ (तिरोडा) :
काल या समूहावर आमगावच्या धानवाले भाऊंनी एक पोस्ट टाकली. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेले प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळून दोघांचा जीव गेला, त्याचा दाखला देऊन त्यांनी तीन गोष्टी ठासून सांगितल्या. एका इंजिनाचे विमान म्हणजे उडती तिरडी आहे, दोन इंजिने असती तर असे अपघात झालेच नसते, आणि आपल्या गावांवरून ही विमाने उडवणे ताबडतोब बंद करावे. पोस्टला भराभर अंगठे मिळाले आणि माझे डोके फिरले, कारण नोकरीची सगळी वर्षे मी लहान विमानांच्या देखभालीत काढली आहेत.

त्या अपघाताच्या कारणाविषयी मी येथे एक अक्षरही लिहिणार नाही. तो चौकशी करणाऱ्यांचा विषय आहे. परंतु ‘एकच इंजिन म्हणून पडते’ हे विधान अपघातांच्या इतिहासात टिकत नाही. सेसना १७२ हे एका इंजिनाचे विमान १९५६ पासून विकले जात आहे आणि आजवर त्याचे ४४ हजारांहून अधिक नग बनले. जगात दुसऱ्या कोणत्याही विमानाचे इतके नग बनलेले नाहीत. तिरडीला एवढे गिऱ्हाईक मिळत नसते.

दोन इंजिनांविषयी म्हणाल, तर २००७ साली जर्मनीतील स्पायर येथे डीए-४२ या दोन इंजिनांच्या विमानाची दोन्ही इंजिने उड्डाणानंतर एकाच वेळी बंद पडली. बॅटरी उतरलेली असताना बाहेरून वीज घेऊन ती चालू केली होती. चाके आत घेताना विजेचा दाब क्षणभर पडला आणि इंजिने चालवणारे संगणक एकदमच गप्प झाले. एरवीसुद्धा दोनांपैकी एक इंजिन उड्डाणाच्या वेळी बंद पडले, तर विमान बंद इंजिनाकडे ओढले जाते आणि वेग ठराविक मर्यादेखाली गेला की ते सरळ उलटे होते.

लहान विमाने खरोखर पडतात ती ढगात शिरल्यामुळे, कमी उंचीवर कमी वेगात वळवल्यामुळे आणि टाकीत इंधन किती आहे हे डोळ्यांनी न पाहिल्यामुळे. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने केवळ उपकरणे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना, बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत, बोनान्झा हे एका इंजिनाचे विमान चालवायला दिले. विसाही जणांचा ताबा सुटला, आणि तो सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. त्या प्रयोगात इंजिन कोणाचेही बंद पडले नव्हते.

धानवाला (आमगाव) :
साहेब, तुमचा लेख पूर्ण वाचला. जर्मनी झाली, अमेरिका झाली, आता आमच्या बांधीत या. इंजिन बंद पडल्यावर विमान तरंगत खाली येते, दगडासारखे पडत नाही, हे मलाही ठाऊक आहे. प्रश्न असा आहे की ते उतरणार कुठे. रोवणीच्या दिवसांत बांधीत गुडघाभर चिखल असतो आणि उन्हाळ्यात वाळलेले धुरे, म्हणजे बांध, विटेसारखे कडक असतात. तुमच्या पुस्तकात ‘मोकळे शेत निवडावे’ असे लिहिलेले असेल, पण ज्याने ते लिहिले त्याने धानाचे शेत पाहिलेले दिसत नाही. शिवाय त्या मोकळ्या शेतात आमच्या बाया निंदण करीत असतात.

वैनगंगाकाठ :
भाऊ, मुद्दा रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. चिखलात पुढचे चाक रुतले तर विमान नाकावर जाऊन पालथे पडू शकते. परंतु याचसाठी एका इंजिनाच्या लहान विमानाचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख उचलणे सोडून देतात तो वेग, ६१ नॉटपेक्षा (ताशी सुमारे ११३ किलोमीटर) अधिक नसावा, असा अमेरिकी प्रमाणनाचा नियम कित्येक दशके होता. विमान सावकाश टेकले तर आतली माणसे वाचण्याची शक्यता मोठी असते. माणसे मरतात ती बहुधा धावपट्टीकडे परत वळण्याच्या मोहात. इंजिन ३०० फुटांवर बंद पडते, मागे धावपट्टी दिसत असते, वैमानिक तीव्र वळण घेतो, ६० अंशांच्या झुकावात स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो आणि विमान गिरकी घेत जमिनीत शिरते. समोरची बांधी कितीही वाईट असली, तरी ती त्या वळणापेक्षा बरी.

त्यात आपला उन्हाळा धरा. गरम हवा विरळ असते, म्हणून ४५ अंश तापमानात सुमारे १,००० फूट उंचीवरची धावपट्टी विमानाला जवळपास ४,८०० फुटांवरची वाटते. धाव लांबते, चढण मंदावते, आणि हिवाळ्यात सहज ओलांडलेली झाडे मे महिन्यात अंगावर येतात.

लाइनमन भाऊ (साकोली) :
म्हणजे शेवटी दोष वैमानिकाचाच. मला हेच ऐकायचे होते. वैनगंगाकाठ साहेब, मी विजेच्या खांबांवर आयुष्य काढलेला माणूस आहे आणि ‘मानवी चूक’ हे दोन शब्द मी फार जवळून पाहिले आहेत.

माझा एक सोबती खांबावर गेला. फिडर बंद होता, परवानगी घेतलेली होती, परंतु एका वाड्यातील जनरेटरची वीज उलटी लाइनवर आली. लाइन जमिनीला जोडणारा अर्थिंगचा रॉड तुटलेला होता आणि नव्या रॉडचे मागणीपत्र कार्यालयातील फायलीत निवांत पडले होते. चौकशीत काय आले? ‘कर्मचाऱ्याने अर्थिंग न करता काम केले.’ मेलेला माणूस सही करीत नाही आणि हरकतही घेत नाही. तुमच्या त्या यादीत ढगात शिरला, वळण घेतले, इंधन पाहिले नाही, अशी सगळी क्रियापदे वैमानिकाचीच आहेत. त्याला ढगात कोणी पाठवले, हे विचारणारे एकही वाक्य तुम्ही लिहिलेले नाही.

पऱ्हाटीवाला (दारव्हा) :
विमानाचा विषय निघालाच आहे तर मीही बोलतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने शेतीच्या फवारणीसाठी ‘बसंत’ नावाचे एका इंजिनाचे विमान बनवले होते. १९७२ साली ते पहिल्यांदा उडाले आणि पुढे काही वर्षांत त्याचे उत्पादनच बंद झाले. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारी माणसे विषबाधेने मेली. त्या मृत्यूंची मोजदाद विमान अपघातांच्या शेजारी ठेवा आणि मग तिरडी कोणती ते ठरवा.

मास्तर (सालेकसा) :
पऱ्हाटीवाले, आपले दुःख खरे आहे, परंतु फवारणीची विमानेदेखील मोठ्या संख्येने पडतात आणि त्यांच्या अपघातांत विजेच्या तारांना धडकणे हे ठळक कारण असते. शेताच्या कडेची तार उन्हात दिसत नाही आणि काम तर माणूसभर उंचीवरून चालते. त्यासाठी वेगळा धागा काढावा. लाइनमन भाऊंनी जे काढले आहे ते मात्र याच धाग्याचे आहे.

वैनगंगाकाठ :
लाइनमन भाऊ, आपल्या सोबत्याबद्दल वाईट वाटले. परंतु खांबाचा न्याय विमानाला लावू नका. विमान अपघाताची चौकशी आंतरराष्ट्रीय नियमानुसार दोष ठरवण्यासाठी नसतेच. पुढचा अपघात टाळणे हाच तिचा हेतू असतो. आपल्याकडे २०१२ पासून त्यासाठी एएआयबी हा वेगळा विभाग आहे.

लाइनमन भाऊ :
नियमात हेतू फार सुंदर लिहिलेला असतो. आमच्या सुरक्षा पुस्तिकेच्या पहिल्या पानावरही ‘कर्मचाऱ्याचा जीव सर्वोच्च’ असेच छापलेले होते.

मास्तर (सालेकसा) :
दोघांनाही उपयोगी पडेल असे एक प्रकरण सांगतो. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात क्लिअर लेक येथे बोनान्झा पडले आणि बडी हॉली हा तरुण गायक, त्याचे दोन सहकारी आणि २१ वर्षांचा वैमानिक असे चौघेही गेले. रात्र होती, बर्फ भुरभुरत होता. उपकरणांवर उडण्याची पात्रता नसताना वैमानिकाने तशा हवेत उडण्याचा निर्णय घेतला, असे चौकशीने म्हटले. येथपर्यंत वैनगंगाकाठ साहेबांचा विजय आहे.

परंतु अहवाल तेथे थांबत नाही. हवामानाचे दोन महत्त्वाचे इशारे त्या वैमानिकापर्यंत पोहोचवलेच गेले नव्हते. शिवाय त्या विमानातील क्षितिजदर्शक त्याच्या सवयीच्या उपकरणापेक्षा वेगळ्या धाटणीचा होता. नाक वर गेले की खाली हे त्यावर उलट्या पद्धतीने दिसत असे. अंधारात, बर्फात, पहिल्याच मिनिटांत त्या मुलाने ती तबकडी पाहिली असेल आणि विमान चढते आहे असे समजून ते जमिनीकडे नेले असेल, ही शक्यता चौकशीनेच मांडलेली आहे. आता सांगा, ही चूक एकट्या त्याची म्हणायची का?

अर्जुनीची आत्या :
मी येथे सहसा लिहीत नाही, परंतु आज लिहिते. माझा भाचा एका संस्थेत वैमानिकाचे शिक्षण घेत होता. संस्था कोणती ते सांगणार नाही. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि भावाने त्यासाठी रस्त्यालगतची जमीन विकली. डिसेंबरमध्ये आमच्या तलावांच्या भागात सकाळी किती दाट धुके पडते, हे येथे सर्वांना माहीत आहे. मुले पहाटेपासून विमानापाशी बसून राहात आणि नऊनंतर धुके विरळ झाले की तास भरून काढण्याची घाई सुरू होई. एकदा पलीकडच्या गावाचे देऊळ दिसत नाही म्हणून त्याने उडायला नकार दिला. त्याला कोणी रागावले नाही, पण पुढच्या वेळापत्रकात त्याचे नाव खाली गेले. घरी जमीन विकलेली, वसतिगृहाचे भाडे सुरू, अशा वेळी ढगाकडे पाहून ‘नको’ म्हणायला किती मोठे काळीज लागते, ते तुमच्या १७८ सेकंदांच्या प्रयोगात मोजलेले नाही.

धानवाला (आमगाव) :
ताई, हेच मला म्हणायचे होते, मला नीट लिहिता आले नाही.

वैनगंगाकाठ :
भाऊ, आपल्याला हे मुळीच म्हणायचे नव्हते. आपल्याला इंजिन मोजायचे होते. पोस्ट अजून तेथेच आहे.

आत्याबाईंचे म्हणणे मला मान्य आहे. वेळापत्रकाचा दबाव ही अपघाताची जुनी आणि सिद्ध पूर्वतयारी आहे. परंतु त्यानेही माझाच मुद्दा पक्का होतो, की यंत्र दोषी नाही.

लाइनमन भाऊ :
यंत्र कधीच दोषी नसते का? आपण तर देखभालीत होता, मग बोनान्झाच्या शेपटीबद्दल आपण इतके मौन का पाळले आहे? मी रात्री बसून वाचले. १९४७ पासून १९८२ पर्यंत ते विमान इंग्रजी व्ही अक्षरासारख्या शेपटीचे बनत होते. १९५१ पासून शेपटीचा पृष्ठभाग पुढे वाढवला, परंतु वाढवलेल्या कडेला आतून पुरेसा आधार दिला नाही. हवेतच विमाने तुटत राहिली. ‘वैमानिकाने वेग ओलांडला’ हेच उत्तर कित्येक वर्षे चालले आणि शेपटीला मजबुती देण्याचा सक्तीचा आदेश निघाला तो १९८७ साली. त्याच घराण्यातील सरळ शेपटीची विमाने मात्र त्या प्रमाणात तुटत नव्हती. श्रीमंत डॉक्टर मंडळी ते विमान घेऊन ढगात शिरत आणि मरत, म्हणून त्याला ‘डॉक्टरमार’ असे नाव पडले होते. म्हणजे थट्टासुद्धा मेलेल्याचीच.

वैनगंगाकाठ :
वाचन उत्तम आहे. आता त्यात एवढेही जोडा की ती विमाने बहुतेक वेळा ढगात ताबा सुटून वेग मर्यादेबाहेर गेल्यावर तुटली. कमकुवत शेपूट आणि चुकलेला वैमानिक, दोन्ही लागले.

लाइनमन भाऊ :
‘दोन्ही लागले.’ धन्यवाद. एवढे दोन शब्द काढून घ्यायला दोन दिवस गेले.

वैनगंगाकाठ :
दोन काय, आणखी देतो. हिशेब पूर्ण असलेला बरा. ज्या सेसनाची मी वर स्तुती केली, तिच्या आसनाच्या रुळांबाबतही १९८७ सालीच सक्तीचा आदेश निघाला. आसन पुढे-मागे सरकवण्यासाठी रुळात भोके असतात आणि त्यात एक पिन बसते. भोके झिजून लांबट झाली किंवा पिन अर्धीच बसली, की उड्डाणात नाक वर होताच आसन सर्रकन मागे जाते. माणसाचा हात सुकाणूवर असतो, तो सुकाणू ओढतच मागे जातो, नाक आणखी वर होते आणि विमान स्टॉल होते. मी प्रत्येक तपासणीला ती भोके मापाने मोजत असे. एकदा झिजलेला रूळ नापास केला, तेव्हा वरून विचारणा झाली की आजचे उड्डाण जाऊ द्यावे, सुटा भाग आल्यावर बदलू. मी सही केली नाही आणि विमान आठवडाभर उभे राहिले. त्या आठवड्यात माझ्याशी कोण कसे बोलले, ते लाइनमन भाऊंना सांगण्याची गरज नसावी.

लाइनमन भाऊ :
नाही. आणि सही झाली असती, तर अहवालात ‘वैमानिकाने आसन नीट अडकवले नाही’ असे आले असते, हेही आपल्याला सांगण्याची गरज नसावी.

वैनगंगाकाठ :
तपासणीच्या नोंदवहीत माझे नाव आले असते.

धानवाला (आमगाव) :
तुम्हा दोघांचे आपसांत मिटले असेल तर माझ्याकडे वळा. ‘उडती तिरडी’ हा शब्द मी मागे घेतो, कारण मास्तरांनी फोन करून सांगितले. बंदीची मागणीही सध्या बाजूला ठेवतो. परंतु विमान आमच्या शिवारात पडले, तर अंतिम अहवाल दिल्लीच्या संकेतस्थळावर इंग्रजीत का पडून असतो? ज्यांच्या बांधीत पडले, त्यांच्या ग्रामपंचायतीत तो मराठीत लावा. रूळ झिजला होता, धुके होते, की घाई होती, ते आम्ही वाचू.

मास्तर (सालेकसा) :
मागणी बरोबर आहे. ग्रामसभेचा ठराव मी लिहून देतो. तांत्रिक शब्द वैनगंगाकाठ साहेबांनी तपासावेत.

वैनगंगाकाठ :
तपासतो. मात्र ठरावात ‘मानवी चूक’ हा शब्द कोठे आणि कसा घालायचा, ते लाइनमन भाऊंना आधी विचारून घ्या, नाही तर हा धागा रोवणीपर्यंत चालेल.