जुन्या ऑफ-रोडरचे नवे अवतार: खाली पाहिलं तर काय उरलंय?

आडवाट: नवी लँड रोव्हर डिफेंडर, मर्सिडीज जी-क्लास, फोर्ड ब्रॉन्को, सुझुकी जिम्नी यांवरचे वाद बहुतेक दिव्यांच्या आणि बॉनेटच्या आकारावर अडकतात. मला यंत्रणेबद्दल विचारायचंय. सॉलिड ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अखंड दांडा) गेल्यामुळे खडकाळ वाटेवर नेमकं काय गमावलं, आणि इलेक्ट्रॉनिक्सने त्यातलं किती भरून काढलं? सेकंडहँड घेताना गाडीखाली काय तपासावं?

चॅसिसवाला: डिफेंडरपासून सुरू करतो, कारण सर्वांत मोठा बदल तिथेच झालाय. जानेवारी 2016 मध्ये बंद झालेली जुनी गाडी शिडीसारख्या वेगळ्या चॅसिसची, पुढे-मागे सॉलिड ॲक्सलची. 2019 ची नवी गाडी ॲल्युमिनियम मोनोकॉक (बॉडी आणि चॅसिस एकसंध) आहे आणि चारही चाकं स्वतंत्र. सॉलिड ॲक्सलमध्ये एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. डिफ हाउसिंगची, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या कवचाची, जमिनीपासूनची उंचीही सस्पेन्शन दबल्याने कमी होत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये हे दोन्ही जातं: गाडी दबली की पोट खाली येतं.

एअर सस्पेन्शनच्या डिफेंडर 110 (पाच दारी) चा 291 मिमी क्लिअरन्स (पोटाची जमिनीपासूनची उंची) हा गाडी वर उचललेल्या स्थितीतला आकडा आहे. त्या उंचीवर चाकाला खाली लोंबायला फारशी जागा उरत नाही, म्हणून आडव्यातिडव्या खड्ड्यांत चाक लवकर अधांतरी होतं.

डिफलॉक: यांत्रिकी बरोबर, पण जुनीला उगाच देव्हाऱ्यात बसवू नका. कारखान्यातून तिला फक्त सेंटर डिफ लॉक मिळायचा, म्हणजे पुढचा-मागचा ॲक्सल एकत्र बांधणारा; एकाच ॲक्सलची दोन चाकं बांधणारा लॉक नव्हता. ट्रॅक्शन कंट्रोल (घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीचं पुढचं एक आणि मागचं तिरपं दुसरं चाक उचललं गेलं की ती तिथेच थांबायची. नवीन डिफेंडर तशा जागेतून निघते, शिवाय 900 मिमी पाण्यातून जाते.

माझ्या मते 2018 ची जी-क्लास हे सर्वांत शहाणं रिडिझाइन. पुढे डबल विशबोन (स्वतंत्र सस्पेन्शनचा एक प्रकार) आलं, पण शिडीचं चॅसिस, मागचा सॉलिड ॲक्सल आणि तिन्ही डिफ लॉक ठेवले. पाण्याची मर्यादा 600 वरून 700 मिमी झाली. शुद्धतावाद्यांना 2018 ची तीन दारी जिम्नी पटेल: दोन्ही ॲक्सल सॉलिड, लो-रेंजचा (कमी वेग, जास्त ताकदीच्या गिअरचा) स्वतंत्र दांडा, चढायचा कोन 37, पोटाखालचा 28 आणि उतरायचा 49 अंश.

चिखलगाळ: ब्रेकवर चालणारं ट्रॅक्शन कंट्रोल अनेकजण चुकीचं वापरतात. चाक फिरायला लागलं की घाबरून पाय काढतात, आणि सिस्टिम तिथेच सोडून देते. लो-रेंज लावा, ॲक्सिलरेटर स्थिर धरा आणि दोन-तीन सेकंद चाक फिरू द्या. ब्रेक पकडतो आणि ताकद त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकाला जाते. लांब चढावर मात्र ब्रेक तापतात आणि मदत कमी होते. खरा लॉकर (डिफ लॉक) इथेच सरस ठरतो. वाळूत स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करा, नाहीतर नेमक्या वेळी इंजिनची ताकद कापली जाते.

रिमचाही विचार करा. डिफेंडरच्या 255/70 आर18 टायरची कड साधारण 178 मिमी, 275/45 आर22 ची 124. मोठ्या रिमवर हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवली तर दगडावर रिम वाकते. मोठे ब्रेक असलेल्या व्हर्जनवर 18 इंची रिम बसतही नाही, आधी बसवून पाहा.

आडवाट: धन्यवाद. ब्रॉन्को आणि जिम्नीमध्ये काय पाहावं? आणि सस्पेन्शन 50 मिमी उंच करणारी लिफ्ट चालेल का?

चॅसिसवाला: ब्रॉन्कोत टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारे दांडे). पुढचा लॉकर लावून, 35 इंची टायर दगडात अडकलेला असताना स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला की टाय रॉड वाकतात. दोन्ही बाजूंचे रॉड सरळ आहेत का, टायर आतून झिजलेत का, पाहा.

जिम्नीचं हँडल 60-80 च्या वेगाला थरथरत असेल तर आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग, मग पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, मग किंगपिन बेअरिंग (चाक ज्यावर वळतं ते). नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवून फक्त दोष झाकला जातो, त्यामुळे विकणाऱ्याने डॅम्पर नुकताच बदललाय का, हे नक्की विचारा.

एअर सस्पेन्शनच्या गाडीत हाइट सेन्सरच्या छोट्या दांड्या तपासा. फांदीत अडकून तुटल्या की सिस्टिम फॉल्ट दाखवते. रात्रभर उभी ठेवून एक कोपरा बसतो का, तेही बघा.

50 मिमी लिफ्ट जिम्नीला चालते, पण कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा कल) सुधारणारे बुश आणि लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड सोबत घ्या. स्वतंत्र सस्पेन्शनला 50 ही जवळपास कमाल मर्यादा. त्यापुढे सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टच्या लवचिक सांध्याचा) कोन वाढतो, रबरी बूट फाटतात आणि ग्रीस गेल्यावर जॉइंट फार टिकत नाही.