सर्फिंगची कॉम्पिटिशन प्रत्यक्ष बघायला मुंबईहून मंगळूरला जावं का? दिवसभर नुसतं वाळूत बसून राहावं लागतं का?

परळचा_पोपट

मंडळी, प्रश्न जरा येडपट आहे, हसू नका. २०२४ च्या ऑलिम्पिकचं सर्फिंग पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर होतं, तेआहुपोला. तिकडे सकाळचे सात वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यामुळे जेवून-बिवून झालं की निवांत लावून बसायचो. त्यातला तो ब्राझीलच्या गॅब्रिएल मेदिनाचा फोटो आठवतोय का, हवेत सरळ उभा, एक बोट वर, बाजूला बोर्ड पण तसाच उभा, त्या लाटेला दहापैकी ९.९० मिळालेले. तेव्हापासून जे वेड लागलंय ते लागलंयच, आता सर्फिंगच्या जागतिक दौऱ्यातल्या सगळ्या कॉम्पिटिशन फोनवर बघतो.

तर मे अखेरीला मंगळूरच्या बाजूला इंडियन ओपन असते असं कळलं. ताहिती काय या जन्मात जमणार नाही पण मंगळूर एका रात्रीवर आहे. बायको म्हणते, पाण्यात पडणारी माणसं बघायला दोन रात्री ट्रेनमध्ये काढणार? मला स्वतःला पोहता पण धड येत नाही, दादर चौपाटीला घोट्याच्या वर पाण्यात गेलेलो नाही. कोणी गेलंय का? दिसतं का काही किनाऱ्यावरून? कळतं का कोण जिंकतंय? की टीव्हीवरच बरं?

निवांत_नितीन

अरे जा बिनधास्त. मी दोन वर्षांपूर्वी गेलेलो, मंगळूरजवळच्या ससिहित्लू बीचला, तिथेच असते इंडियन ओपन, पण जे डोक्यात घेऊन गेलेलो त्यातलं निम्मं चुकीचं निघालं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुपारची मत्स्यगंधा पकडली टिळक टर्मिनसहून, सकाळी मुल्कीला उतरलो, स्टेशनबाहेर एका छोट्या हॉटेलात बन्स आणि चहा. बन्स म्हणजे आपला बनपाव नाही हां, केळं घालून केलेल्या गोडसर पुऱ्या, आतून पोकळ. तिथे टाइमपास करत बसलो ती पहिली चूक. मला वाटलं मॅच दहाला वगैरे सुरू होईल, टॉस होईल, राष्ट्रगीत होईल. रिक्षाने बीचवर पोचलो तर तीन हीट, म्हणजे फेऱ्या, होऊन पण गेलेल्या. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे होते ना, मार्कांपुरते पाठ केलेले, ते तिथे समोर दिसतात. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, लाटेच्या तोंडावर येतो, त्यामुळे लाट ताठ उभी राहते, गुळगुळीत असते. साडेदहा-अकरानंतर वारा फिरला की तोच समुद्र असा दिसतो की जणू कोणी चमच्याने ढवळलाय. म्हणून आयोजक उजाडल्या उजाडल्या सुरू करतात, आणि चांगलं बघायचं तर आपण पण तेव्हाच तिथे पाहिजे.

दुसरी गोष्ट, वाट बघायची तयारी ठेव. टीव्हीवर लाट संपली की लगेच रिप्ले, मग मुलाखत, मग जाहिरात, डोक्याला रिकामं वाटतच नाही. तिथे रिप्ले नाही. वीस-पंचवीस मिनिटांची हीट असते आणि त्यातली पंधरा मिनिटं चार डोकी पाण्यात बोर्डवर बसून क्षितिजाकडे बघतायत आणि आपण त्या चार डोक्यांकडे बघतोय. पहिला अर्धा तास मी अक्षरशः मोबाईल काढून मेल बघत होतो. माझ्या शेजारी एक तमिळ बाई बसलेल्या, पन्नाशीच्या असतील, मुलगा खेळत होता त्यांचा. आपल्याकडची पुष्कळ सर्फर मुलं तमिळनाडूतल्या मच्छीमार घरांतली आहेत. त्यांना हिंदी येत नाही, मला तमिळ येत नाही. पण त्या मधेच माझ्या कोपराला हात लावायच्या आणि हनुवटीने लांब दाखवायच्या. मला काहीच दिसायचं नाही. मग दहा-बारा सेकंदांनी पाण्याचा एक पट्टा जरा काळपट व्हायचा, मग फुगायचा, आणि तोपर्यंत पाण्यातली पोरं हात मारायला लागलेली असायची. असं चार-पाच वेळा झालं आणि सहाव्या वेळी मला त्यांच्याआधी दिसलं. खोटं नाही सांगत, मी एवढा जोरात ओरडलो की मागचे लोक हसायला लागले.

सोळा वर्षांखालच्या पोरांच्या हीट चुकवू नकोस. काडीपैलवान पोरं, बोर्ड त्यांच्यापेक्षा मोठा, आणि पाण्यातून बाहेर आली की पहिलं आईकडे बघतात, मार्कांकडे नंतर.

तक्रार एकच. लाउडस्पीकरचा आवाज वाऱ्यावर जातो, निम्मे मार्क ऐकूच येत नाहीत. फोनवर लाइव्ह लावला तर तो अर्धा-पाऊण मिनिट मागे, म्हणजे समोर पोरगा पडून परत पॅडल करतोय आणि फोनवर अजून उभा आहे. शेवटी फोन खिशात टाकला.

तिकीट-बिकीट काही नव्हतं. सावली पण नव्हती. छत्री ने.

वेसावचा_पोर

येडपट प्रश्न नाय दादा, पण पाण्यात पडणारी माणसं बघायला तर आमच्या वर्सोव्याला पण ये पावसाळ्यात, फुकट दाखवतो 😄

मस्करी सोड. लोक विचारतात मुंबईला एवढा समुद्र आहे मग सर्फिंग का नाय. आमच्याकडे पाणी वर-खाली खूप होतं, मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर भरती लागते, आणि तळ लांबपर्यंत उथळ आहे. बाहेरून आलेली लाट तळाला घासत घासत येते, किनाऱ्यावर येईपर्यंत तिचा दम गेलेला असतो. पावसाळ्यात दम असतो पण तेव्हा वारा सगळं मोडून टाकतो, लाटेला ना आगा ना पिछा. चेन्नईकडे भरती-ओहोटीचा फरक मीटरभरच, म्हणून तिकडे लाट एकाच जागी फुटते, पोरांना सवय करता येते.

आणि नितीनदादा ते काळ्या पट्ट्याचं बरोब्बर बोललास. माझा आजा होडीत बसून तसंच सांगायचा, मोठी लाट एकटी येत नाय, दोन-चार बहिणी घेऊन येते, पहिलीला भुलू नको. सर्फिंगवाले त्याला सेट म्हणतात ते मला नंतर यूट्यूबवर कळलं.

परळचा_पोपट

नितीन भावा एवढं लिहिलंस, खूप आभार. वेसावकर, पावसाळ्यात नक्की येतो, पण घोट्यापर्यंतच 😅

एक विचारायचं राहिलं. मार्कांचं गणित मला टीव्हीवर पण अर्धवटच कळतं. स्क्रीनवर सगळं लिहून येतं म्हणून चालून जातं. तिथे स्क्रीन नसेल तर मी करणार काय?

मेघना_मुलुंड

मी सांगते. मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला गेलेले, वर्ल्ड सर्फ लीगची भारतातली पहिलीच कॉम्पिटिशन होती, क्वालिफायिंग लेव्हलची, जपान वगैरेकडची पोरं-पोरी आलेली. पहिल्या दिवशी मी पण अशीच भोपळा होते, शेजारच्या एका शाळकरी मुलाने शिकवलं.

पाच जज असतात. प्रत्येक लाटेला ते दहापैकी मार्क देतात, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी मार्क उडवायचे, मधल्या तिघांची सरासरी काढायची. सर्फरने हीटमध्ये कितीही लाटा पकडू देत, फक्त बेस्ट दोन धरतात, म्हणजे टोटल वीसपैकी. बास, एवढंच आहे. आता मजा कुठे आहे बघ. समज लाल जर्सीवाल्याकडे ६.५ आणि ५ आहेत, म्हणजे साडेअकरा. पांढऱ्याकडे एक ७ ची लाट आहे आणि दुसरी फुसकी, तर त्याला साडेचारच्या वर एक लाट हवी. साडेचार म्हणजे काही फार नाही, ठीकठाक लाट. मग शेवटची पाच मिनिटं लाल त्याला ती ठीकठाक लाट मिळू नये म्हणून काय काय करतो ते बघायचं. लांबून दोघं नुसते बसलेले दिसतात आणि खरी कुस्ती तीच चाललेली असते.

कारण प्रायॉरिटी. ज्याच्याकडे प्रायॉरिटी तो कुठलीही लाट आधी घेऊ शकतो, दुसरा मधे घुसला तर त्याचे मार्क कापतात. पण लाट पकडली की तुझी प्रायॉरिटी गेली. म्हणजे लोकलमध्ये उठणाऱ्या माणसाच्या समोर उभं राहून सीट धरल्यासारखं आहे, सीट तुझीच, पण तू मधेच दुसरीकडे बूड टेकलंस की नंबर गेला. त्यामुळे कधीकधी माणूस चांगली लाट मुद्दाम सोडतो आणि किनाऱ्यावर नवीन लोक ओरडतात अरे घे ना घे ना. मी पण ओरडले होते. तो मुलगा माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी क्रिकेटमध्ये गोल झाला का विचारलंय.

जर्सीचे रंग पाठ कर, नावांच्या मागे लागू नकोस, माइकवर पण बऱ्याचदा रंगच बोलतात. मी वहीत चार रकाने करून ऐकू आलं ते लिहीत होते, ऐकू नाही आलं तर शेजारच्या वहीत डोकवायचं. हो, बऱ्याच जणांकडे वह्या होत्या.

एक वेगळंच सांगते. महाबलीपुरम पूर्वेला. आपल्याला मुंबईकरांना समुद्रात सूर्य बुडताना बघायची सवय, तिकडे तो सकाळी समुद्रातूनच वर येतो आणि नऊपर्यंत सरळ डोळ्यात. सगळे सर्फर नुसत्या काळ्या सावल्या. रंग पाठ करून काय उपयोग, रंगच दिसेना! मंगळूरला तो त्रास नाही, सकाळी ऊन पाठीवर. म्हणून पहिल्यांदा जायचं तर मंगळूरच बरं.

गिरगावकर_काका

मुलांनो, तुमचं वाचून राहवलं नाही. माझं वय ६८, मला यातलं काही कळत नव्हतं. मुलगी मेलबर्नला असते, तिच्याकडे गेलो असताना इस्टरच्या सुट्टीत जावई म्हणाला चला बाबा, बेल्स बीचला नेतो, मोठी स्पर्धा असते, १९६० च्या दशकापासून चालू आहे. घरापासून तास-दीड तास गाडी. हिने थालीपीठं आणि दही बांधून घेतलं. एप्रिल म्हणजे तिकडे थंडी सुरू, कानटोपी घातली. जाऊन बघतो तर बोर्ड लावलाय, आज स्पर्धा नाही. लाटाच नाहीत म्हणे! मला वाटलं आपल्याला कोणी फसवलं. मग जावयाने सांगितलं की स्पर्धेला दहा-बारा दिवस राखून ठेवलेले असतात आणि रोज सकाळी समुद्र बघून ठरवतात, आज खेळायचं की नाही. आपल्याकडे पाऊस पडला म्हणून मॅच रद्द होते, इथे समुद्र शांत म्हणून रद्द. कड्यावर बसून थालीपीठं खाल्ली आणि घरी आलो. जावई बिचारा ओशाळला होता.

दोन दिवसांनी परत गेलो. तिथे बसायची सोय उत्तम, उंच मातीचे कडे आहेत, वरून गॅलरीतून बघितल्यासारखं खालचं सगळं दिसतं. पोपटराव, तुम्ही विचारलंत ना की काही दिसतं का, ते जागेवर अवलंबून आहे. सपाट वाळूत बसलात तर पुढची फुटलेली लाट मागच्या माणसाला झाकते. जरा उंचवटा शोधा, बंधारा, वाळूचा ढीग, काहीही. चार फुटांनी फार फरक पडतो. आणि दुर्बीण न्या. मी नेली होती, पक्षी बघायची साधी. त्यातून एक मुलगी दिसली, लाट सुटली तिची, वेळ संपल्याचा हॉर्न वाजला, हरली. ती तशीच बोर्डवर पालथी पडून राहिली, गाल बोर्डला टेकवून, दोन-तीन मिनिटं. नंतर उठली, केस पिळले आणि बाहेर आली. किनाऱ्यावरच्या कोणाला ते दिसलं नसावं, सगळे जिंकलेल्या मुलीकडे बघत होते. माझ्या लक्षात राहिलंय ते तेच, जिंकली कोण ते आठवत नाही. जिंकणाऱ्याला तिथे ट्रॉफी म्हणून घंटा देतात आणि तो ती डोक्यावर धरून वाजवतो, आमच्या हिला ते देवळासारखं वाटलं म्हणून तिने हात जोडले.

निवांत_नितीन

काका _/\_ काय लिहिलंय.

पोपट, काकांचा मुद्दा महत्त्वाचा, इंडियन ओपन तीन दिवसांचीच असते त्यामुळे तारखा फार सरकत नाहीत, पण तरी एकच दिवस ठेवून जाऊ नकोस. आणि त्यात फायनलचा दिवस निवडायचा मोह होईल, तो टाळ. फायनलला भाषणं, पाहुणे, हार-तुरे, मधे मोठी गर्दी. आदल्या दिवशी हीट जास्त असतात आणि हरलेली पोरं पाण्यातून येऊन तुमच्या शेजारीच वाळूत बसतात, बोर्डला वॅक्स घासत, गप्पा मारत. मला रमेश बुदिहाळ असाच चार हातांवर उभा दिसलेला, तोच ज्याला २०२५ च्या आशियाई सर्फिंग चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ मिळालं. त्याच्याशी बोलायचं धाडस झालं नाही, काय बोलणार, तुम्ही छान पडता?

परळचा_पोपट

ठरलं मग. आत्ताच तिकीट काढलं, वेटिंग ३४ आलंय, मे महिना आहे, बघू. बायकोला बन्सचं वाचून दाखवलं तर म्हणते मी पण येते, तू बस वाळूत, मी मुल्कीत खाते. मेघनाताई, वही घेतो. फक्त दुर्बीण नाहीये माझ्याकडे, एका दिवसासाठी विकत घ्यायची जिवावर आलंय.

गिरगावकर_काका

विकत घेऊ नका, माझी पडून आहे. मेसेज करा आणि एखाद्या रविवारी सकाळी येऊन घेऊन जा. पट्टा तुटलाय, सुतळी बांधली आहे. उजव्या काचेला जरा बुरशी आहे, डाव्या डोळ्याने बघा.