कुरव (सीगल) ओळखायला मदत हवी : तपकिरी डोक्याचा की काळ्या डोक्याचा?

वाळूत_पाय : ४० पक्ष्यांचा थवा. सगळ्यांची डोकी पांढरी, कानामागे काळा ठिपका, चोच लाल नि टोकाला काळी, पाय लाल. पुस्तकातली दोन्ही चित्रं मला सारखीच दिसतायत. आज रात्री पाहिलेल्या पक्ष्यांची यादी द्यायची आहे. कोणता ते लवकर सांगा.

खाडीकाठ : कुठे पाहिले? कधी? फोटो? डोळ्याचा रंग?

वाळूत_पाय : अलिबागजवळ आक्षीला, रविवारी. फोटो लांबून काढलेत, सगळे बसलेले. डोळा दिसत नाही.

कोकणकडा : आक्षीला मी वीस वर्षं जातोय. तिथे तपकिरीच जास्त. बिनधास्त तपकिरी लिहा.

खाडीकाठ : काका, असं नका सांगू. थवे मिसळलेले असतात. 'इथे तेच असतात' म्हणत सगळ्यांनी तेच लिहिलं तर दुसरा पक्षी नोंदीत येणारच नाही.

कोकणकडा : मी काय न बघता बोलतो का? तपकिरी अंगाने थोराड, चोच जाड. शेजारी शेजारी बसले की लगेच कळतं.

खाडीकाठ : शेजारी बसले तर! एकेकटा असला की आकार फसवतो.

भरती_ओहोटी : कॅमेरा कोणता आहे? ६०० मिमीची लेन्स घ्या, सगळे प्रश्न मिटतील.

पाणथळ : @वाळूत_पाय, बसलेल्या पक्ष्यावर वेळ घालवू नका, पंख बघा. प्रौढ तपकिरीच्या पंखाचं टोक काळंभोर, आणि त्या काळ्यात टिकली लावल्यासारखे पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्याची पंखाची पुढची कड पांढरी, लांब पाचरीसारखी. काळं फक्त टोकाच्या किनारीला. डोळा दिसलाच तर तपकिरीचा फिकट, दुसऱ्याचा गडद. मात्र शेपटीला काळी पट्टी असेल तर तो पहिल्या हिवाळ्यातला. त्या वयात तपकिरीचाही डोळा गडद असतो आणि पंखात ठिपके नसतात. मी स्वतः दोन हिवाळे तिथेच चुकत होतो.

सुरय_प्रेमी : मुळात नावंच गोंधळात टाकतात. काळ्या डोक्याच्याचं डोकं विणीच्या काळात चॉकलेटी होतं, काळं नाही! तपकिरीचं त्याहून फिकट, कडेला गडद रेघ. महिना कुठला? मार्चअखेर असेल तर काहींची डोकी रंगायला लागली असतील.

वाळूत_पाय : जानेवारी. रविवारी म्हटलं ना, म्हणजे परवाच.

पाणथळ : कपाळ उतरतं, चोच लांब, मान लांब, कानामागचा ठिपका पुसट, असा एखादा होता का? तो सडपातळ चोचीचा कुरव, तिसरीच जात.

मांडवा_फेरी : बोटीवरून कुरवांना वेफर्स टाकणं आधी बंद करा. तेलकट मीठ खाऊन त्या पक्ष्यांचं काय होत असेल?

खाडीकाठ : मुद्दा शंभर टक्के खरा. वेगळा धागा काढा, मी येतो.

वाळूत_पाय : सापडलं! मोबाइलमध्ये ९ सेकंदांचा व्हिडिओ निघाला. कुत्रं धावत गेलं आणि थवा उठला. एकेक चित्र थांबवून पाहिलं. ११ जणांच्या काळ्या टोकात ठिपके स्वच्छ दिसतात. ३ जणांना ती पांढरी पाचर आहे. उरलेले २६ एकमेकांआड गेलेत किंवा धूसर आहेत. यादीत ११ तपकिरी डोक्याचे, ३ काळ्या डोक्याचे आणि २६ नुसते 'कुरव' असे लिहिले. @पाणथळ, लांब मानेचा कुणी दिसला नाही. मनापासून आभार.

पाणथळ : अगदी बरोबर नोंद. व्हिडिओ यादीला जोडा.

कोकणकडा : ते ३ कुठे होते, खाडीच्या मुखाशी की सुरूच्या बनासमोर? शनिवारी ओहोटीला मी जाणार आहे.