कम्युनिटी कॉलेजच्या लायब्ररीत स्वतःची गोष्ट सांगायला बोलावलंय, काय सांगू आणि काय नको?

मृद्गंध:
नमस्कार मंडळी, कॅलिफोर्नियात राहते, एच-फोरवर आहे (नवऱ्याच्या वर्क व्हिसाला जोडून मिळतो तो व्हिसा), इथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी अकाउंटिंगचे क्लास करते. तिथल्या लायब्ररियन बाईंशी येताजाता बोलणं व्हायचं, तर त्यांनी परवा विचारलं की ह्यूमन लायब्ररीसारखा कार्यक्रम करतोय, तू 'पुस्तक' होशील का. म्हणजे आपण टेबलाशी बसायचं, वाचक येऊन अर्धा तास आपल्याला 'वाचणार', हवं ते विचारणार. मी हो म्हणून बसलेय आणि आता झोप उडालीये. तिकडे मी बँकेत ऑफिसर होते, इथे आल्यावर सगळं शून्य, ते मला खरंच सांगायचंय, पण ते सांगताना नवरा, सासर, आमची भांडणं सगळंच येणार ना मध्ये? आणि कुणी जातीबद्दल विचारलं तर? भारतीय बाई म्हणून मला सगळ्या भारतीय बायकांच्या वतीने बोलावं लागणार का, याचंच जास्त दडपण आहे. रेकॉर्डिंगही करणार म्हणतायत. कुणी केलंय का असं काही?

दूरदेशी:
अगं कर, नक्की कर. ही कल्पना मूळची डेन्मार्कची, २००० साली रोस्किल्ड फेस्टिव्हलमध्ये रॉनी अॅबरगेल आणि त्याच्या साथीदारांनी पहिल्यांदा केली, ते आधी तरुणांमधली हिंसा थांबवण्यासाठी काम करायचे. ज्यांच्याबद्दल लोकांची मतं आधीच ठरलेली असतात अशा माणसांना समोर बसवायचं आणि वाचकाला थेट विचारू द्यायचं, एवढंच. यात पुस्तकाचे हक्क मोठे असतात हे लक्षात ठेव. एखाद्या प्रश्नाला 'याचं उत्तर मी देणार नाही' म्हणायची पूर्ण मुभा असते, वाचक उद्धट वागला तर उठून लायब्ररियनकडे जायचं. हे सगळं त्या बाईंकडून आधीच कबूल करून घे, गृहीत धरू नकोस.

आणि सगळ्या भारतीय बायकांचं ओझं कशाला घेतेस, तुला तुझं एकटीचं आयुष्य माहितीये तेवढं सांग.

पाऊसवेडा:
मी केलंय, दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात, म्हणून जरा लांबण लावतो. आम्हाला लायब्ररीतली ग्रुप स्टडीची काचेची खोली दिली होती, टेबलावर उभं कार्ड, त्यावर पुस्तकाचं नाव आणि खाली दोन ओळी, आणि दाराशी एक विद्यार्थिनी घड्याळ घेऊन बसलेली. माझं पहिलं नाव होतं 'एका स्थलांतरिताचा प्रवास', लायब्ररियन म्हणाली हे कुणी उचलणार नाही, नेमकं काय झालं ते लिही. मग केलं 'वडील गेले तेव्हा मी व्हिसामुळे जाऊ शकलो नाही'. माझ्याकडे रांग लागली.

आणि वाचक कोण असतात ते बघ. कम्युनिटी कॉलेजात प्रवेशाला गाळणी नसते, त्यामुळे अठरा वर्षांची पोरं असतात तशी नोकरी सुटल्यावर परत शिकायला आलेली, दोन मुलांना झोपवून आलेली माणसंही असतात. माझ्यासमोर स्क्रब्ज, म्हणजे हॉस्पिटलातले कामाचे कपडे, घातलेली एक नर्सिंगची विद्यार्थिनी बसली, ड्युटीवरून थेट आलेली, तिने व्हिसाचं काहीच विचारलं नाही, विचारलं की 'अंत्यविधी फोनवर बघताना खोलीत तुझ्यासोबत कोण होतं?' मी हे कधी बायकोशीही बोललो नव्हतो. सांगितलं. तिचे आजोबा मेक्सिकोत वारले होते आणि तिच्या आईला जाता आलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, अख्खा जीवनपट सांगू नकोस, अर्ध्या तासात मावत नाही. एक प्रसंग घे, बँकेतला शेवटचा दिवस किंवा इथल्या पहिल्या क्लासचा दिवस, आणि प्रश्नांना जागा ठेव. इंग्रजीची काळजी नको, अडखळलीस तरी लोक थांबतात.

कायदा_काका:
रेकॉर्डिंगबद्दल कडक राहा. माझ्या मते पुस्तकासमोर रेकॉर्डर नसलेलाच बरा, समोरचाही मोकळा होत नाही. करणारच असतील तर संमतीपत्र सही करण्याआधी घरी आणून वाच, फाइल कुठे राहणार, यूट्यूबवर जाणार की फक्त कॉलेजच्या संग्रहात, नंतर काढून टाकता येईल का, हे लेखी घे. एकदा नेटवर गेलं की सासरचा व्हॉट्सॅप ग्रुप फार लांब नसतो.

दुसरं, एच-फोरवर शिकायला आडकाठी नाही पण काम करायला ईएडी (कामाच्या परवानगीचं कार्ड) लागतं, आणि ते २०१५ पासून ठरावीक एच-फोरवाल्यांनाच मिळतं. तेव्हा मानधन किंवा गिफ्ट कार्ड देऊ केलं तर घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचार. फुकट बोलणार असशील तर तसं आयोजकांना आधीच कळवून ठेव.

आवाज जपून ठेवावा असं नंतर वाटलंच तर स्टोरीकॉर्प्स बघ, २००३ पासून दोन माणसांचं साधारण चाळीस मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करतात आणि तुमची परवानगी असेल तर ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात जातं. आपल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी 'साडा' नावाचा डिजिटल संग्रहही आहे.

निळी_पहाट:
जातीच्या प्रश्नाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. मी बौद्ध आहे, विदर्भातली. इथे भारतीयांच्या घोळक्यात आडनाव विचारलं की पुढचा प्रश्न मला आधीच कळतो, आणि कितीतरी वर्षं मी तो टाळत आले. मग लायब्ररीतल्या एका अशाच कार्यक्रमात ठरवून बोलले. बाबासाहेब १९१३ मध्ये इथे कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले तिथून सुरुवात केली, मग माझी आजी, जिला शाळेत वर्गाबाहेर बसवायचे, आणि मग मी. अमेरिकन विद्यार्थ्यांना जात म्हणजे काहीतरी पुराणातली गोष्ट वाटते, त्यांना मी सांगितलं की २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातीय भेदभावावर बंदी घातली, म्हणजे प्रश्न इथेही आहे. समोरच्या टेबलावर दोन भारतीय मुलं होती, ती मान खाली घालून ऐकत होती, नंतर त्यातला एक जण येऊन म्हणाला की आमच्या घरी हे कधी बोललंच जात नाही.

मृद्गंध, तुझी जात कोणती ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही. पण विचारलं तर 'आमच्याकडे असं काही नसतं' एवढं मात्र म्हणू नकोस. उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस, तो तुझा हक्क आहे, पण ते वाक्य बोलून दुसऱ्या कुणाची गोष्ट पुसली जाते.

मृद्गंध:
सगळ्यांचे खूप आभार. निळी_पहाट, तुझं वाचून बराच वेळ काही लिहिताच आलं नाही. खरं सांगते, विचारलं असतं तर मी तेच वाक्य बोलले असते. आता नाही बोलणार.

काल लायब्ररियन बाईंशी बोलले, माझ्या टेबलाला रेकॉर्डिंग नाही, पैसे नाहीत, आणि घरच्यांबद्दलचे प्रश्न मी नाकारू शकते हे त्यांनी ईमेलमध्ये लिहून दिलंय. नवऱ्यालाही सांगितलं, तो म्हणाला माझ्याबद्दल जे बोलशील ते आधी मला सांग, बाकी तुझं तू बघ, तेही बरोबरच आहे. कार्डावर लिहायला सध्या हे सुचलंय: 'मी लोकांची कर्जं मंजूर करायचे, आता फोनच्या बिलावरही माझं नाव नाही'. लांब वाटतंय का?

पाऊसवेडा:
अजिबात नाही. हेच दे, आणि फोनच्या बिलापासूनच सुरू कर.