पीथमपूरची राख: एका टीसीएलपी आकड्यावर सेल (राख पुरायचा खड्डा) बंद करायचा का?

निक्षालन
भोपाळच्या युनियन कार्बाइड आवारातला 337 टन कचरा जून 2025 अखेर आपल्या शेजारी पीथमपूरला जाळून झाला. मागे 800 टनांहून जास्त राख-अवशेष उरले, आणि लोक अजून धुराड्याबद्दलच भांडतात. वजन वाढण्यात मोठा वाटा चुन्याचा, जो धुरातलं आम्ल मारायला टाकतात. 73 किलो हायड्रोक्लोरिक आम्लाला हिशेबाने 74 किलो विरलेला चुना पुरतो, पण कोरड्या पद्धतीत दाण्याचा वरचा थरच कामी येतो, म्हणून कितीतरी जास्त टाकावा लागतो. उरलेला चुना राखेत जातो आणि तिथे चाचणी फसते. टीसीएलपीत, म्हणजे पुरलेल्या कचऱ्यातून विषारी धातू किती सुटतील ते बघणाऱ्या चाचणीत, 1 भाग राख 20 भाग ॲसिटिक आम्लाच्या द्रावणात 18 तास फिरवतात. राखेत साडेसात टक्के मोकळा चुना असला तरी ते आम्ल पुरतं संपतं. पीएच 9-10 ला थांबला तर शिसं जवळपास सुटत नाही, 12 च्या वर गेला तर भरपूर सुटतं. माझं मत: पीएच 2 ते 13 मध्ये आठ-नऊ टप्प्यांवर किती सुटतं ते मोजून आलेख काढल्याशिवाय सेल बंद करू नये.

भट्टीकर
साफ असहमत. धोकादायक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत शिशाची मर्यादा 5 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, ती टीसीएलपीसाठीच ठरवलेली. तुमचा आलेख कोणत्या मर्यादेशी ताडायचा? आणि धुराड्याचा प्रश्न मिटलेला नाही. चाचण्या 135, 180 आणि 270 किलो प्रति तास अशा तीन वेगांनी झाल्या, प्रत्येकी 10 टन. 270 ला ते 37 तासांत संपतात. धुरातल्या डायॉक्सिनचा (जळताना तयार होणाऱ्या विषारी संयुगांचा) एक नमुना 8 तासांचा, म्हणजे फार तर चार नमुने. संशोधन करायचं तर इतक्या कमी नमुन्यांतल्या चढउतारावर करा.

निक्षालन
भट्टीकर, बॅग फिल्टरच्या (धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्यांच्या) आधी मारलेल्या कार्बन भुकटीला डायॉक्सिन चिकटतं आणि ती भुकटी राखेतच येते. पारा तर जळतच नाही. धुराडं जितकं स्वच्छ, तितकी राख विषारी.

लोणारी
दोघेही सिमेंट विसरलात. क्लोराइडने भरलेली राख सिमेंटमध्ये बांधली की 28 दिवसांची ताकद छान येते. मग तोच ठोकळा ओला-सुका करत राहा. भिंतीला लोणा फुटतो तसा पांढरा क्षार वर येतो, कडा बोटाने भुगा होतात, आत भोकं उरतात. आधी राख पाण्याने धुवा, मग बांधा.

गंभीर_काठ
धुवायचं कुठे, लोणारी? ते खारं पाणीही धोकादायक कचराच, त्याला बाष्पक (पाणी आटवणारं यंत्र) लागणार. गंभीर नदी यशवंत सागरला मिळते, इंदूर ते पाणी पितं. थोडं पाणी निसटलं तरी परत आणता येत नाही. मी धुण्याच्या पूर्ण विरोधात आहे.

भट्टीकर
धुण्याबद्दल गंभीर_काठशी सहमत. आलेखाबद्दल एवढं मान्य की कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल खेचतं, गोणीत गोळे होतात, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वरच्या थराचा पीएच उतरतो. मग नमुना कुठून घेतला यावर निकाल बदलेल.

निक्षालन
म्हणूनच गोणीच्या वरून, मधून आणि तळातून वेगळे नमुने घ्या. ते मिसळू नका, हवाबंद बरण्यांत भरा आणि भरल्याची तारीख लिहा. टीसीएलपीच्या प्रत्येक निकालाशेजारी शेवटचा पीएच छापा. तो आज मोजतातच, अहवालात दिसत नाही एवढंच.

भट्टीकर
शेवटच्या पीएचला माझी हरकत नाही. आलेखाला आहे.