आमगाव-सालेकसा गोंदिया जिल्ह्यात, मग आमचा खासदार गडचिरोली-चिमूरचा काहून?

सालेकसावाला
नमस्कार मंडळी. मी सालेकसा तालुक्यातला, सध्या नोकरीनिमित्त नागपूरला. आमच्या गावाच्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, पोरं शाळेत जाऊ शकत नाहीत, कोणी आजारी पडलं तर खाटेवर उचलून न्यावं लागते. मागच्या वर्षी बाबा आणि गावातले चार जण अर्ज घेऊन गोंदियाला एका लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात गेले, दोन तास बसले आणि मग तिथल्या माणसाने सांगितलं की तुमचं गाव आमच्याकडे येत नाही, तुमचं सगळं गडचिरोलीकडे. मत आम्ही गडचिरोली-चिमूरला टाकतो हे बाबांना माहीत आहेच, पण त्यांना वाटलं जिल्हा गोंदिया तर काम पण गोंदियातच होईल. तो अर्ज अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरच्या कपाटात ठेवला आहे. तहसील, कलेक्टर, झेडपी सगळं गोंदियात आणि फक्त खासदार तिकडचा, असं कोणी केलं आणि का? आणि आता रपट्यासाठी जायचं कुठं?

ब्रह्मपुरीकर
भाऊ, आम्ही पण तुमच्यासारखेच, जिल्हा चंद्रपूर आणि खासदार गडचिरोली-चिमूरचा. हे सगळं 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत झालं. महाराष्ट्रात लोकसभेच्या 48 जागा आणि विधानसभेच्या 288, म्हणजे एका खासदाराखाली बरोबर सहा आमदार. आता तुमच्याकडचं गणित मांडा. भंडारा जिल्ह्यात विधानसभेच्या तीन जागा, तुमसर, भंडारा, साकोली. गोंदियात चार, अर्जुनी-मोरगाव, तिरोडा, गोंदिया आणि आमगाव. बेरीज झाली सात, लोकसभेला पाहिजे सहा, एक कुठंतरी बाहेर जाणारच होती. इकडे गडचिरोली जिल्ह्याच्या स्वतःच्या तीनच, आरमोरी, गडचिरोली, अहेरी. त्यात तुमचं आमगाव आणि चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी नि चिमूर जोडून सहा केले. आता आमगावच का, तर ही लोकसभा एसटीसाठी, म्हणजे अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे आणि अशी जागा ठरवताना आदिवासींचं प्रमाण जास्त असलेला भाग बघतात. आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी या चारही विधानसभा एसटी राखीवच आहेत.
त्याच्या आधी चिमूर नावाची वेगळी लोकसभा होती. 1998 ला तिथून जोगेंद्र कवाडे सर निवडून आले होते आणि 2004 ला महादेवराव शिवणकर, ते तर तुमच्या आमगावचेच. 2009 पासून नवीन मतदारसंघ, पहिले मारोतराव कोवासे, मग 2014 आणि 2019 ला अशोक नेते आणि 2024 ला नामदेव किरसान.

सिरोंचा_गोदाकाठ
सालेकसावाले भाऊ, तुमचं दुःख समजते पण मतदारसंघाच्या आमच्या सिरोंचाच्या टोकावरून पण बघा. तुमच्या तालुक्याला मध्य प्रदेश आणि छत्तीसगड लागते, आमच्या नदीपलीकडे तेलंगणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे आणि मधला बराच भाग जंगलाचा. तुमच्याकडे पोवारी-हिंदी, मधात झाडीबोली, कोरची-कुरखेड्याला छत्तीसगडी, भामरागडला माडिया, आमच्या बाजारात तेलुगू. सालेकसा स्टेशनवरून मुंबई-हावडा लाइन जाते, आमच्या तालुक्यात रूळच नाहीत. तेलंगणाच्या मेडिगड्डा धरणाच्या पाण्याने आमच्याकडची शेतं खरडून गेली, त्या प्रश्नासाठी पण आम्ही याच खासदाराकडे जातो आणि तुम्ही रपट्यासाठी पण याच माणसाकडे. माणूस कोणत्याही पार्टीचा असू द्या, एकट्याने एवढा मुलूख फिरायचा म्हणजे वर्षात एका गावाला एकदा जाणं पण होत नाही. मला वाटते नवीन पुनर्रचना होईल तेव्हा नुसती लोकसंख्या नाही तर रस्ता आणि जंगल पण मोजलं पाहिजे.

मास्तर_वडसा
मी शिक्षक, तीन निवडणुकांत ड्युटी केली म्हणून लिहितो. एकदा भामरागडकडचं केंद्र आलं होतं. मशीन आणि आम्ही हेलिकॉप्टरने बेस कॅम्पपर्यंत, तिथून पुढे जवानांच्या मागे पायी, रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात झोपलो. सकाळी सात वाजायच्या आधीच बाया लाइनमध्ये उभ्या होत्या, काही जणी पहाटे अंधारात निघालेल्या, पदराला भाकर बांधून. आमगावसकट आपल्या चार विधानसभांत मतदान दुपारी 3 ला बंद होते हे तुम्हाला माहीत असेलच, तरी 2024 ला 72 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. एवढं चालून येऊन मत देणाऱ्या माणसाचा अर्ज कपाटात राहू नये, म्हणून सांगतो.
खासदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी मिळतो. सहा विधानसभांत वाटला तर एकीला 1 कोटी पण येत नाही, म्हणून मोठा पूल त्यातून मागू नका, रपटा उंच करणं किंवा छोटी मोरी मागा. आधी ग्रामसभेचा ठराव घ्या, नुसत्या अर्जापेक्षा त्याला वजन असते. ठरावाची एक प्रत खासदाराला द्या, कारण शिफारस त्यांचीच लागते. जिल्हा वेगळा असला म्हणून अडत नाही, मतदारसंघातलं कुठलंही गाव त्यांना सुचवता येते आणि काम तुमच्या गोंदिया जिल्ह्याच्या प्रशासनाकडूनच होते. दुसरी प्रत आमदाराला आणि तिसरी झेडपीच्या बांधकाम विभागाला. आणि देवरीला आदिवासी विकास प्रकल्पाचं ऑफिस आहे ना, तिथं पण एक द्या, तुमच्या गावाला ते सगळ्यात जवळ पडेल. जुना अर्ज फेकू नका, तारीख आहे त्यावर, सोबत जोडा. पाण्याखालच्या रपट्याचे फोटो असतील तर तेही लावा.

सालेकसावाला
ब्रह्मपुरीकर भाऊ, सात आणि सहाचं गणित आज पहिल्यांदा समजलं, इतकी वर्षं आम्हाला वाटायचं की आम्हाला कोणी मुद्दाम बाहेर टाकलं. सिरोंचावाले भाऊ, तुमच्या शेताचं वाचून वाईट वाटलं, आपण एकाच मतदारसंघात असून एकमेकांबद्दल काहीच माहीत नाही. मास्तर, आत्ताच बाबांना फोन लावला, देवरीला दर शनिवारी गावातली जीप जाते म्हणाले पण ऑफिस शनिवारी बंद राहील ना? आणि ठरावावर सरपंचांची सही पुरते की ग्रामसेवकाची पण लागते?

मास्तर_वडसा
शनिवारी बंद असते, सोमवारी पाठवा. ठरावाची नक्कल ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्यानेच घ्या आणि प्रत्येक ठिकाणी पोच मागा, पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही असं बाबांना सांगा.